साथीत मागे पडलेला तळपायाचा डाग

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातले. २०२० च्या फेब्रुवारीत आईच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग दिसला. आई तेव्हा ६१ वर्षांची होती. सारे आयुष्य शेतात गेल्यामुळे टाचेला भेगा पडणे, काटा मोडणे, कुरूप होणे हे तिला नवीन नव्हते. दाखवू, दाखवू म्हणेपर्यंत टाळेबंदी लागली. ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, तेव्हा रक्त साकळले असेल किंवा कुरूप असेल, साथ ओसरली की पाहू, असे उत्तर आले. आम्ही कुरूपाची पट्टी लावत राहिलो. आईला मधुमेह आहे, म्हणून तिला दवाखान्यात नेण्याची भीती आम्हालाच वाटत होती. दुसरी लाट ओसरल्यानंतर डागातून रक्त येऊ लागले तेव्हा तिला शहरात नेले. तुकडा तपासला आणि मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला. टाचेची शस्त्रक्रिया झाली, जांघेतल्या एका गाठीत आजार सापडला, पुढे इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारी औषधे, हीही झाली. आज आई घरातली कामे करते, पण प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तेव्हाच नेले असते तर आईचे हे सारे टळले असते का, आणि तो दोष आमचा आहे का? दुसरे, माझ्या मोठ्या दिरांच्या गुडघ्यामागे लहानपणी भाजल्याचा व्रण आहे आणि त्यावर चार महिन्यांपासून एक जखम भरत नाही. तिच्या कडा कडक झाल्या आहेत, पाण्याला वास येतो, पुसताना रक्त येते. कोरोनात दवाखान्यात गेलेला त्यांचा मित्र परत आला नाही, म्हणून ते जायला तयार नाहीत. तिसरे, पुन्हा अशी साथ आली, तर आईच्या तपासण्यांचे आम्ही काय करायचे?

सल्ला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला पहिला प्रश्न मनाला सर्वांत जास्त टोचणारा आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. मात्र आज वेळ दवडून चालणार नाही असा प्रश्न दुसरा आहे, म्हणून आधी दिरांविषयी लिहिते.

भाजल्याच्या जुन्या व्रणावर, विशेषतः सांध्याजवळच्या आणि हालचालीने सतत ताणल्या जाणाऱ्या व्रणावर, बऱ्याच वर्षांनी, कित्येकदा वीस-तीस वर्षांनंतर, त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो. वैद्यकात त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात आणि तो बहुतेक वेळा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या प्रकारचा असतो. चुलीने, स्टोव्हने किंवा उकळत्या पाण्याने भाजलेल्या मुलांच्या जखमा त्वचारोपण न करता तशाच भरू द्याव्या लागल्या, अशी परिस्थिती आपल्या खेड्यापाड्यांत अनेक वर्षे होती; त्यामुळे हा प्रकार आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांना अनोळखी नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे पाहता, आता तुकडा तपासून घेतल्याशिवाय नुसत्या मलमपट्टीवर आणखी दिवस घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जखम कर्करोगाचीच आहे असे मी म्हणत नाही. व्रणावरची त्वचा पातळ असते, तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि साधी जखमही तिथे रेंगाळते. पण या दोहोंतला फरक बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही, मग पाहणारा कितीही अनुभवी असो.

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा घेणे, ही मोठी शस्त्रक्रिया नव्हे, हे दिरांना नीट समजावून सांगा. जागा बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते टोचताना थोडा वेळ आग होते, आणि बहुतेकांच्या लक्षात राहणारा त्रास तेवढाच असतो. मग जखमेची कड जिथे चांगल्या त्वचेला भिडते तिथला, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा असा तुकडा घेतात. जखम मोठी असेल तर तो दोन-तीन ठिकाणांहून घेतात, कारण मधल्या भागात बहुधा मृत पेशी आणि पू एवढेच हाती लागते. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत जातो. त्या बाटलीवर रुग्णाचे नाव आणि जागा लिहिली आहे का, आणि सोबतच्या कागदावर 'लहानपणी भाजल्याचा व्रण, त्यावर चार महिन्यांची न भरणारी जखम' एवढी माहिती आहे का, हे आवर्जून पाहून घ्या, कारण ती वाचल्यावर पॅथॉलॉजिस्टला नेमके काय शोधायचे ते कळते. एक-दोन टाके पडतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. सुरी लागली की कर्करोग पसरतो ही समजूत अजून अनेकांच्या मनात पक्की आहे, पण या तपासणीमुळे आजार पसरत नाही. त्याच भेटीत डॉक्टरांना जांघही तपासायला सांगा. आपण ज्याला अवधाण म्हणतो ती गाठ जंतुसंसर्गानेही येते आणि कर्करोगानेही येते, म्हणून ती आढळली तर सुईने तपासून घेणे बरे.

त्यांच्या भीतीला खोटे ठरवू नका. २०२० आणि २०२१ मध्ये रुग्णालयाच्या दारातून आत गेलेले माणूस घरच्यांना पुन्हा पाहायला मिळाले नाही, त्याचे अंत्यदर्शनही झाले नाही, हे कितीतरी कुटुंबांनी भोगले आहे. साथ सरली तरी ती आठवण सरलेली नाही, आणि तिच्यापायी आजही माणसे गाठ, डाग, जखम अंगावर काढतात. त्वचेच्या कर्करोगावर साथीचा झालेला हा परिणाम कोणत्याही तक्त्यात उतरत नाही, पण मला तो फार मोठा वाटतो. दिरांना एवढेच सांगा, की या तपासणीसाठी भरती व्हावे लागत नाही, तुमच्यापैकी एकजण सोबत थांबू शकतो, आणि त्यांचा मित्र ज्या आजाराने गेला त्याच्याशी या भेटीचा संबंध नाही. शक्य झाले तर त्यांच्याशी आईला बोलू द्या. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे होत नाही, ते टाचेची शस्त्रक्रिया होऊन घरात वावरणाऱ्या माणसाच्या एका वाक्याने होऊ शकते. खर्चाची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. अंगीकृत रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी चौकशी करा, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर कागदपत्रांपायी आठवडे जाणार नाहीत.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. उशिराने काहीच फरक पडला नसेल असे लिहून तुमचे समाधान करणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेलॅनोमा त्वचेत किती खोल उतरला आहे हे मिलिमीटरमध्ये मोजतात. आईच्या अहवालात तो आकडा 'ब्रेस्लो जाडी' या नावाने लिहिलेला असेल. पुढचे बरेच काही त्या आकड्यावर ठरते. तो १ मिलिमीटरपर्यंत असेल, तर डागाभोवतीची साधारण १ सेंटिमीटर चांगली त्वचा घेऊन तो काढतात. तो २ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल, तर भोवतालची २ सेंटिमीटर त्वचा काढावी लागते, आणि टाचेसारख्या सगळा भार पेलणाऱ्या जागी एवढी त्वचा गेली की त्वचारोपण करणे किंवा शेजारची त्वचा फिरवून आणणे भाग पडते. गाठींपर्यंत आजार पोहोचण्याची शक्यताही याच खोलीबरोबर वाढत जाते. रोममधल्या एका त्वचारोग रुग्णालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, टाळेबंदीपूर्वी निदान झालेल्या मेलॅनोमाची सरासरी जाडी ०.८८ मिलिमीटर होती, ती टाळेबंदी उठल्यानंतर निदान झालेल्यांत १.९६ मिलिमीटर निघाली. पुढे इतर ठिकाणच्या सगळ्याच पाहण्यांत एवढा फरक दिसला नाही, हेही तितकेच खरे आहे. पण काही महिन्यांचा उशीर मिलिमीटरांत मोजला जाऊ शकतो, एवढे त्यातून समजते.

तरीही तुमच्या आईचा डाग २०२० च्या फेब्रुवारीत किती खोल होता, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. तळपायाचा मेलॅनोमा डोळ्यांत भरण्याआधी बराच काळ तिथे असू शकतो, आणि भेगांच्या, मातीच्या, जाड कातडीच्या टाचेवर तर तो आणखी लपतो. त्याच महिन्यात नेले असते तरी गाठीत आजार सापडला नसता, असे खात्रीने म्हणता येत नाही. शिवाय त्या वसंतात तुम्ही जो निर्णय घेतलात, तो तेव्हाच्या माहितीवर पाहिला पाहिजे. साठी ओलांडलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसाला कोविडचा धोका खराच मोठा होता, लस आलेली नव्हती, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता आणि एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंद होती. एप्रिलमध्ये आईला घरी ठेवण्यात तुमची चूक झाली असे मला वाटत नाही. मला खटकते ते त्यानंतरचे. २०२० च्या अखेरीपासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत, दोन लाटांच्या मधल्या काळात, बाह्यरुग्ण विभाग बऱ्यापैकी सुरू होते. त्या काळात डाग पुन्हा दाखवता आला असता. पण एकदा पुढे ढकललेली गोष्ट पुन्हा कधी काढायची, हे तुम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. 'साथ ओसरली की पाहू' हा वैद्यकीय सल्ला नव्हे, कारण त्यात तारीख नाही. ही जबाबदारी सल्ला देणाऱ्याची होती, ज्याला घ्यायचा होता त्याची नव्हे, आणि म्हणून तुमच्या प्रश्नातला 'दोष' हा शब्द मी तुमच्या माथी मारायला तयार नाही.

तुमच्यासारखी किती घरे असतील, याची कल्पना एका पाहणीवरून येते. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी, फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. किरणोपचार त्या मानाने कमी, २३ टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्यांचे उपचार सुरू होते त्यांना काही प्रमाणात सांभाळून घेता आले, पण ज्यांचे निदानच व्हायचे होते ती माणसे दारापर्यंत आलीच नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयाने त्या काळातही शस्त्रक्रिया थांबवल्या नव्हत्या. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे झालेल्या ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रियांनंतर एकही मृत्यू झाला नाही, अशी नोंद तिथल्या शल्यचिकित्सकांनी पुढे प्रसिद्ध केली. काळजी घेऊन कर्करोगाची शस्त्रक्रिया साथीतही करता येते, याचा तो पुरावाच होता. पण साताऱ्यातल्या माणसाने परळला जायचे कसे, तिथे लोकल बंद असताना राहायचे कुठे, याचे उत्तर त्या नोंदीत असणे शक्य नव्हते.

त्यातही त्वचा सर्वांत मागे पडली. नेदरलँड्समध्ये साथीच्या पहिल्या आठवड्यांत सगळ्याच कर्करोगांची निदाने घटली, आणि सर्वांत ठळक घट त्वचेच्या कर्करोगांत दिसली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये कर्करोगाच्या संशयाने तातडीने पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. त्वचेचेच असे का झाले, याची कारणे आपल्यालाही लागू पडतात. त्वचेचा डाग दुखत नाही, दम लागत नाही, भूक जात नाही. त्यामुळे थांबायला सांगितले की माणूस थांबतो. त्वचेचे कर्करोग अनेकदा दुसऱ्याच कारणाने भेटलेल्या डॉक्टरांच्या नजरेस पडतात, म्हणजे रक्तदाब मोजताना हातावरचा, किंवा मधुमेहाच्या तपासणीत पाय पाहताना तळव्यावरचा. त्या भेटी फोनवर होऊ लागल्या आणि ही वाटच बंद झाली. चेहरे मास्कमागे गेले, आणि नाकावरचा न भरणारा फोड मास्कने घासून झाला असेल असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. त्वचारोग विभागांतले निवासी डॉक्टर कोविड वॉर्डांत कामाला लागले. ते आवश्यकच होते, पण मागे राहिलेल्या रांगेकडे पाहायला माणसे उरली नाहीत.

आणखी एक गोष्ट मला मोठ्या कळकळीने सांगायची आहे. त्या काळात कोणते कर्करोग थांबू शकतात याचे जे निकष पाश्चात्त्य देशांत तयार झाले, त्यांत बेसल सेल कार्सिनोमा हा हळू वाढणारा आणि क्वचितच पसरणारा प्रकार काही महिने थांबू शकतो असे म्हटले होते, आणि ते बरोबर होते. अगदी सुरुवातीच्या मेलॅनोमाची पुढची शस्त्रक्रियाही तीन महिन्यांपर्यंत लांबवता येईल, असे अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांत होते. पण तिथे तुकडा आधीच काढून झालेला आणि आजाराची खोली आधीच कळलेली होती. गोऱ्या कातडीच्या, उन्हाने त्वचा बिघडलेल्या समाजात त्वचेच्या कर्करोगांचा मोठा वाटा बेसल सेल कार्सिनोमाचा असतो. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग एकूणच कमी, पण जो होतो त्यात जुन्या व्रणांवरचा आणि न भरणाऱ्या जखमांवरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा मोठ्या प्रमाणात आढळतो. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या साडीच्या किंवा धोतराच्या काचाजवळ होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंदही भारतीय वैद्यकीय साहित्यात आहे. आणि मेलॅनोमा झालाच तर तो बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, ज्याचा उन्हाशी संबंध नसतो. 'त्वचेचाच तर आहे, थांबेल' हा दिलासा आपल्या लोकांच्या वाट्याला येणाऱ्या प्रकारांना लागू नव्हता, आणि पुढच्या कोणत्याही साथीत तो देताना आपल्या डॉक्टरांनी शंभर वेळा विचार केला पाहिजे.

फोटोने निदान का हुकले, हेही तुम्हाला कळायला हवे. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या समांतर उंच रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक चर असतात. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाचे दिव्याचे भिंग टेकवून पाहतात तेव्हा साध्या तिळाचा रंग बहुधा त्या चरांत साचलेला दिसतो, तर मेलॅनोमाचा रंग उंच रेघांवर पसरलेला दिसतो. हा फरक मिलिमीटरच्याही आतला आहे. घाईत, घरातल्या दिव्याखाली काढलेला आणि व्हॉट्सअॅपने आकार कमी करून पाठवलेला फोटो तो दाखवू शकत नाही. भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० ला आली आणि ई-संजीवनी ओपीडी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टर-भेटीची सेवा १३ एप्रिलला सुरू झाली. त्या सोयीने पुरळ, गजकर्ण, जुन्या औषधांची चिठ्ठी अशी कितीतरी कामे घरबसल्या झाली आणि मी तिला कमी लेखत नाही. पण फोटो पाहून डॉक्टरांनी 'लगेच या' म्हटले तर ते ऐकावे. 'काही नाही' म्हटले आणि डाग मात्र वाढतच राहिला, तर त्या उत्तरावर विसंबू नये.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाची तयारी साथ नसताना, आजच करायची आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आईच्या डॉक्टरांना विचारा, की रुग्णालयात येणे अवघड झाले तर कोणती भेट फोनवर चालेल, कोणती सोनोग्राफी किंवा स्कॅन किती आठवडे पुढे गेले तरी चालेल, आणि कोणत्या लक्षणाला काहीही झाले तरी यावेच लागेल. हे उत्तर फाइलमध्ये त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. बायोप्सीचा आणि शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल, त्यावरचा ब्लॉक क्रमांक (प्रयोगशाळेने मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याचा क्रमांक), इम्युनोथेरपीच्या औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख यांच्या प्रती घरी ठेवा. टाळेबंदीत अनेक रुग्णांना घराजवळच्या दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारला गेला, की आधी नेमके काय झाले होते.

घरची तपासणी महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, दिवसाच्या उजेडात करा. टाचेच्या शस्त्रक्रियेच्या व्रणापासून सुरुवात करून बोटे हलकी दाबत पोटरीवरून, गुडघ्यामागच्या खळगीतून, मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत न्या. टाचेकडचा आजार कधीकधी गुडघ्यामागच्या गाठींत अडकतो, आणि तो भाग तपासायचा राहून जातो. मुगाएवढीही नवी गाठ, कातडीखालचा कडक मणी, व्रणाभोवती नवा काळा किंवा गुलाबी ठिपका हाताला वा डोळ्यांना जाणवला, तर ती फोनवर निभावण्याची भेट नाही. जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर पायाला सूज येऊ शकते. ती एकाएकी वाढली, पाय लाल आणि गरम झाला, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि मधुमेहात त्याला वाट पाहायला लावू नये. तळहात, दुसरा तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखेही पाहा. नखाखाली मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, म्हणून दोन-तीन महिन्यांत डागामागे स्वच्छ नख दिसू लागते. तसे झाले नाही, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर दाखवायला हवे.

फोटो काढायचाच झाला तर पाय धुऊन, पुसून, खिडकीपाशी बसून काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, एक फोटो लांबून आणि एक जवळून घ्या, आणि पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणजे त्याचा तपशील कमी होत नाही. उत्तर काहीही आले तरी पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून ठेवा. न भरणारी जखम असो वा बदलणारा डाग, चार आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहावे आणि शंका असेल तर तुकडा घ्यावा, हा नियम साथ असो वा नसो घरात पाळा.

इम्युनोथेरपीविषयी एक गोष्ट उरते. साथीच्या काळात या औषधांचे वेळापत्रक रुग्णांच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून बदलले गेले. त्यांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाचा तीन आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी मोठा डोस देण्यास अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. आईचे उपचार पुन्हा कधी सुरू करावे लागले, तर अशी सोय आहे का हे विचारता येईल. पण या औषधांनी फुफ्फुसांना दाह होऊ शकतो, आणि त्याचा कोरडा खोकला व दम कोविडसारखाच भासतो. हा त्रास औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो. अशा वेळी गावातल्या डॉक्टरांनी किंवा कोविड केंद्राने नुसती विषाणूची तपासणी करून पाठवणी करू नये, म्हणून 'मेलॅनोमासाठी इम्युनोथेरपी झाली आहे' असे लिहिलेली चिठ्ठी आईच्या आधारकार्डाबरोबर ठेवा आणि पहिल्याच भेटीत ती दाखवा. सतत जुलाब होऊ लागले तरीही तीच चिठ्ठी दाखवा. साथीवरची लस उपलब्ध झाली तर कर्करोग आहे म्हणून ती टाळू नका. कधी घ्यायची एवढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

दिरांची बायोप्सी येत्या आठवड्यातच उरकून घ्या. अहवालात कर्करोग नाही असे आले आणि तरीही जखम महिनाभरात भरली नाही, तर दुसऱ्या जागेवरून पुन्हा तुकडा घ्यायला सांगायला संकोच करू नका.